दोन लॉगबुकांमधले अंतर

ऐरोली, रविवार

चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा वही-पेन घेऊन वर्गात बसण्यामागे प्रत्येकाचे कारण निराळे असते. माझे असे, की रबाळ्याच्या रासायनिक कारखान्यात केमिस्ट म्हणून लागल्यापासून शिफ्ट इन्चार्ज होईपर्यंत ‘कसे करायचे’ हे मला चांगले उमगले होते. ‘असेच का करायचे’ याला मात्र पुष्कळ ठिकाणी ‘पहिल्यापासून असेच करतात’ यापलीकडे उत्तर नव्हते. औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेला नाव घातले तेव्हा घरी आणि प्लांटमध्येही सर्वांनी हे सेफ्टी ऑफिसरच्या जागेसाठी चालले आहे असे धरले. ती इच्छा मला आहेच. पण आज ठाण्याच्या वर्गातून परतल्यावर जे लिहावेसे वाटते आहे, त्याचा त्या जागेशी फारसा संबंध नाही.

आजचा तास अनियंत्रित अभिक्रियेवर होता. सरांनी फळ्यावर दोन रेषा काढल्या. पहिली अभिक्रियेतून निघणाऱ्या उष्णतेची, जी तापमानाबरोबर वळण घेत चढत जाते, कारण ढोबळमानाने दर दहा अंशांना अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो असे धरतात. दुसरी रिॲक्टरच्या, म्हणजे अभिक्रिया जिथे होते त्या भांड्याच्या, जॅकेटमधून (भोवतीच्या थंड द्रव फिरवणाऱ्या आवरणातून) काढून घेतल्या जाणाऱ्या उष्णतेची, आणि ती सरळ चालते, कारण थंडावा तापमानातल्या फरकाच्या प्रमाणातच मिळतो. पहिली रेषा एकदा दुसरीच्या वर निघून गेली की पुढे त्या जॅकेटच्या थंडाव्याला तिला गाठता येत नाही. त्याला जोडून आकाराचा हिशेब आला: भांड्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली की आकारमान आठपट होते, पण थंड होणारा पृष्ठभाग चौपटच राहतो, म्हणजे दर लिटरमागे जॅकेटचा वाटा निम्म्यावर येतो. प्रयोगशाळेत बर्फाच्या भांड्यात निमूटपणे होणारी अभिक्रिया पाच हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये का बिथरते, हे या दोन ओळींत आहे.

मी इतकी वर्षे ऑपरेटरांना ‘ॲडिशन (रिॲक्टरमध्ये रसायन सोडणे) घाईने उरकू नका, पूर्ण चार तास लावा’ असे सांगत आलो, आणि ते ऐकत आले, कारण मी साहेब होतो. आता मला त्या दोन रेषा त्यांच्यासमोर काढता येतील. अधिकाराने पाळलेला नियम साहेब घरी गेल्यावर, रात्रपाळीत, डोळ्यांवर झोप असताना सैल पडतो. कारण ठाऊक असलेला नियम माणूस स्वतःच्या जिवासाठी पाळतो. एवढ्या एका फरकासाठी सारे शुल्क वसूल झाले असे मला वाटते.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एका बाजूला माझी वही आणि दुसऱ्या बाजूला मुलीचे बारावीचे रसायनशास्त्र उघडे होते. तिच्या पुस्तकातले आरेनियसचे समीकरण, स्वीडनच्या त्या शास्त्रज्ञाने १८८९ साली मांडलेले, तेच माझ्या वहीतल्या वळणदार रेषेमागे आहे. ‘बाबा, हे तुझ्या प्लांटमध्ये खरंच असं होतं?’ असे तिने विचारले आणि मग आम्ही दोघांनी बराच वेळ घालवला. बी.एस्सी.ला मीही ते समीकरण सोडवले होते आणि त्यात चांगले गुणही मिळवले होते. त्या वेळी माझ्याजवळ ते लावून पाहायला रिॲक्टर नव्हता, आणि रिॲक्टर आला तेव्हा समीकरण मागे पडले होते.

ऐरोली, बुधवार

पदविकेसाठी कामाच्या ठिकाणचा प्रकल्प करावा लागतो. मी विषय घेतला तो तात्पुरत्या बदलांचा, आणि तो घेण्यामागे फ्लिक्सबरोची हकिकत आहे.

इंग्लंडमधल्या त्या कारखान्यात सायक्लोहेक्झेन या ज्वालाग्राही द्रवाच्या ऑक्सिडीकरणासाठी एकामागे एक सहा रिॲक्टर होते. १९७४ च्या मार्चमध्ये पाचव्याला तडा गेलेला आढळला, तो काढून घेतला, आणि उत्पादन थांबू नये म्हणून चौथ्यापासून सहाव्यापर्यंत वीस इंची पाइप टाकून मधली जागा जोडली. मूळ तोंडे अठ्ठावीस इंची होती आणि दोन्ही रिॲक्टर वेगवेगळ्या उंचीवर असल्यामुळे पाइपला मध्ये वाक द्यावा लागला. वर्क्स इंजिनियरची जागा त्या काळात रिकामी होती. नव्या पाइपवर वाकवणारा जोर किती पडेल याचा हिशेब कोणी केला नाही, आणि आराखडा म्हणून होते ते वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेले चित्र. तो पाइप सुमारे दोन महिने टिकला. १ जून १९७४ रोजी, शनिवारी, तो फाटला, सायक्लोहेक्झेनच्या वाफेचा ढग पेटला आणि अठ्ठावीस माणसे गेली, त्यांतली अठरा कंट्रोल रूममधली. शनिवार नसता तर कार्यालयात आणखी कितीतरी माणसे असती.

ही हकिकत वाचताना मला अस्वस्थ करून गेले ते स्फोटाचे वर्णन नव्हते, तर आधीचे ते दोन महिने. त्या साऱ्या दिवसांत तो पाइप काम करत होता, माल निघत होता, आणि रोज चाललेली गोष्ट सुरक्षित आहे असे सगळ्यांना वाटू लागले असणार. भोपाळमध्येही १९८४ च्या डिसेंबरपूर्वी मिक (मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन) साठवणाऱ्या टाक्यांची शीतकरण यंत्रणा बंदच ठेवलेली होती आणि फ्लेअरकडे, म्हणजे निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे, जाणारी लाइन सुटी केलेली होती. त्याचीही सवय झालेली होती. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांच्या कुंपणापलीकडेच ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेची वस्ती आहे, शाळा आहेत, रेल्वे आहे. माझे स्वतःचे घर त्यात आहे. म्हणून हा विषय मी परीक्षेपुरता धरू शकत नाही.

प्रकल्पाची पहिली पायरी म्हणून मी जुनी लॉगबुके घेऊन बसलो आणि ज्या ज्या नोंदीत ‘तात्पुरते’, ‘सध्या’, ‘पुढील सूचनेपर्यंत’ असे काही दिसले ती वेगळी लिहून काढली. प्रॉडक्शनच्या लॉगबुकात उन्हाळ्यातल्या रात्रपाळ्यांमध्ये एक नोंद पुन्हा पुन्हा येत होती: चिलिंग प्लांट ट्रिप झाला (बंद पडला), जॅकेटला होज (लवचीक नळी) लावून कच्चे पाणी दिले, बॅच धरून ठेवली. त्या प्रसंगी ते योग्यच होते, कारण थंडावा अजिबात नसण्यापेक्षा साधे पाणी बरे. त्यापुढे ‘चिलिंग सुरू, लाइन नॉर्मल’ एवढेच असे.

मग युटिलिटीतल्या, म्हणजे पाणी-थंडावा पुरवणाऱ्या विभागातल्या, मामांकडे गेलो. ते घणसोली गावठाणातले, निवृत्तीला आलेले, ब्राइनचा कारभार वर्षानुवर्षे सांभाळणारे. ब्राइन म्हणजे आमच्याकडे चिलिंग प्लांटमध्ये थंड होऊन जॅकेटमधून फिरणारे कॅल्शियम क्लोराईडचे द्रावण. क्षार विरघळलेला असल्याने ते शून्याखाली नेले तरी गोठत नाही, आणि त्याची घनता हायड्रोमीटरने रोज तपासावी लागते. मामांनी त्यांचे लॉगबुक पुढे केले. घनता अधूनमधून एकदम उतरलेली, आणि त्यापाठोपाठ क्षाराच्या पिशव्या टाकल्याची नोंद. ‘साहेब, गळती कुठंच नाही. पण ब्राइन पातळ होतं, हे मी दोन उन्हाळे सांगतोय,’ ते म्हणाले.

दोन्ही लॉगबुके शेजारी ठेवून तारखा लावल्या तेव्हा उलगडा झाला. होज काढताना जॅकेटमधले पाणी पूर्ण न सोडता ब्राइनचा व्हॉल्व्ह उघडला जात होता, आणि ते पाणी परतीच्या लाइनमधून सगळ्या ब्राइनमध्ये मिसळत होते. पातळ ब्राइन चिलरच्या नळ्यांमध्ये गोठू शकते. नळ्या फुटल्या, किंवा जॅकेटच्या आतून बर्फाचा थर धरला, तर ज्या दिवशी थंडाव्याची सर्वांत जास्त गरज असेल नेमका त्याच दिवशी तो मिळणार नाही. फळ्यावरची ती सरळ रेषा खाली सरकेल, आणि मीटरवर ते वेळेत दिसेलच असे नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते असे: ही माहिती कारखान्यात होती. अर्धी प्रॉडक्शनच्या टेबलावर आणि अर्धी युटिलिटीच्या खोलीत, मध्ये एक रस्ता आणि दोन विभागप्रमुख. मामांच्या अनुभवाशिवाय माझ्या पुस्तकाला काही सापडले नसते, आणि पुस्तक वाचले नसते तर मामांच्या तक्रारीला मीही ‘गळती शोधा’ म्हणून मोकळा झालो असतो. शिक्षण की अनुभव हा वाद आमच्या कँटीनमध्ये नेहमी रंगतो. मला तो वाद आता पटत नाही.

यातून एका पानाचा फॉर्म तयार केला. काय बदलत आहोत, का, कोणकोणत्या विभागांना कळवले, पूर्ववत करताना काय काय सोडायचे, धुवायचे, तपासायचे, आणि सर्वांत वर ठळक चौकटीत ‘हा बदल कोणत्या तारखेला संपेल’. तारीख उलटली तर पुन्हा सही घेतल्याशिवाय बदल चालू ठेवायचा नाही. फॉर्म मराठीत आणि हिंदीत केला, कारण होज लावणारे हात बहुतेक कंत्राटी कामगारांचे असतात. मेंटेनन्सच्या प्रमुखांनी पहिल्याच बैठकीत ‘कागद वाढवू नका’ असा आक्षेप घेतला. त्यात तथ्य आहे; न वाचता सही होणारे परमिट आम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून पानाची मर्यादा मी कटाक्षाने पाळली आणि भरण्याचे काम शिफ्ट इन्चार्जवर ठेवले, फिटरवर नाही.

ऐरोली, शनिवार

हॅझॉपचे, म्हणजे प्रक्रियेतले संभाव्य धोके आणि चालवण्यातल्या अडचणी पद्धतशीर शोधण्याचे, प्रशिक्षण या आठवड्यात झाले. साठच्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत ही पद्धत आकाराला आली. लाइनचा एक एक तुकडा घ्यायचा आणि त्याला ठरावीक शब्द लावत जायचे: प्रवाह नाही, जास्त, कमी, उलट. ‘उलट’ या शब्दाशी मी बराच वेळ अडकलो. रिॲक्टरमधला दाब नायट्रोजनच्या लाइनपेक्षा वाढला तर सॉल्व्हंटची वाफ मागे हेडरमध्ये (नायट्रोजनच्या मुख्य पाइपमध्ये) जाईल, आणि तिला मागे जाऊ न देणारा मधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह शेवटचा कधी उघडून पाहिला होता? सोमवारी गेल्यावर हे पाहायचे आहे.

प्रशिक्षणाच्या खोलीत आम्ही सारे पदवी किंवा पदविका घेतलेलेच होतो. एकही ऑपरेटर नव्हता. ब्राइनच्या प्रकरणानंतर मला ही उणीव फार जाणवली. पद्धत शब्द देते, पण ‘रात्री दोन वाजता प्रत्यक्षात काय करतात’ याचे उत्तर त्या खोलीबाहेर असते. कारखाने अधिनियमात १९८७ साली, भोपाळनंतर, सुरक्षेच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग आणि सुरक्षेची माहिती मिळण्याचा त्यांचा हक्क ही कलमे आली. वर्गात ती मी पाठ केली आहेत. आमची सुरक्षा समिती तिमाहीला भरते, सह्या होतात, चहा होतो.

आज दुपारी समितीसाठी एक पानाची टिपणी लिहिली. मागणी दोन आहेत: रिॲक्टर विभागाच्या हॅझॉपला प्रत्येक पाळीतला एक ऑपरेटर आणि युटिलिटीतला एक माणूस कामाच्या वेळेत, पगारी, बसवावा, आणि मामा निवृत्त होण्याआधी त्यांच्यासोबत दोन तरुण ऑपरेटरांना ब्राइनच्या कामावर लावावे. सोबत दोन्ही लॉगबुकांतल्या तारखांचा तक्ता जोडला आहे. सोमवारी सकाळी टिपणी प्लांट मॅनेजरांच्या हाती देऊन मग लाइनवर जाईन.