तुम्ही विचारलंत म्हणून: त्याला शांत बसायला का शिकवत नाही?

हा प्रश्न मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारतात, शाळेच्या फाटकाशी विचारतात, लग्नकार्यात तर पानावर बसल्या बसल्या विचारतात. शब्द तेवढे बदलतात. "अगं, जरा दटावत जा." "एवढे लाड बरे नाहीत." "सारखे खेळच खेळवतेस, मग शिस्त कशी लागायची?" आजवर मी हसून विषय बदलत आले. आता एकदाच नीट लिहिते.

लेक नऊ वर्षांचा आहे. तो कसा आहे ते तुम्ही पाहिलंय, त्यामुळे ते सांगत बसत नाही. निदान एडीएचडीचं आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही आणि अंग स्वस्थ राहत नाही, हेही बहुतेकांना ठाऊक आहे. "हल्ली कुणालाही हे नाव चिकटवतात" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की डॉक्टर दोन मिनिटं बघून शिक्का मारत नाहीत. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, आणि नुसती घरी किंवा नुसती शाळेत असून चालत नाहीत. औषध चालू आहे का, हे मात्र मी सांगणार नाही. ते त्याचं खासगी आहे, आणि औषध घेणाऱ्या मुलांबद्दल कुठल्या सुरात बोललं जातं ते मी ऐकलेलं आहे.

आता खेळांबद्दल. ऐरोलीहून कोपरखैरण्याला थेरपीला जाताना लोकलमध्ये आम्ही अंग वाटून घेतो. ऐरोली ते रबाळे फक्त खांदे हलवायचे. रबाळे ते घणसोली फक्त मुठी, आवळायच्या आणि सोडायच्या. घणसोलीपासून पुढे बुटातल्या बुटात पायाची बोटं. बोटांचा खेळ त्याचा स्वतःचा आहे. तो अंगठ्याने बुटात अक्षर लिहितो आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघून ते ओळखायचं. 'ळ' लिहिताना त्याची जीभ थोडी बाहेर येते, म्हणून तो मला लगेच कळतो.

घरी 'शिवाजी म्हणतो'. तुम्ही सगळे लहानपणी खेळलात. आम्ही तो उलटाही खेळतो: शिवाजी म्हणतो हात वर, की हात खाली. ज्या मुलाचा हात विचाराच्या आधी निघतो, त्याला निघालेला हात मागे घ्यायचा सराव याहून चांगला कुठे मिळणार? 'चिमणी उड, म्हैस उड' मध्येही तेच आहे. ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०११ साली बालवाडीतल्या मुलांवर असेच थांबा-चला प्रकारचे खेळ करून पाहिले होते. ज्या मुलांचा स्वतःवरचा ताबा सुरुवातीला कमी होता, त्यांच्यात फरक दिसला. आणि अभ्यासाला बसण्याआधी दळणाचा डबा गिरणीपर्यंत तोच नेतो. उचलणं, ढकलणं, ओढणं यात स्नायूंवर आणि सांध्यांवर जो दाब येतो, त्याने अशी काही मुलं स्थिरावतात, असं थेरपिस्टबाई म्हणाल्या. आमच्या घरी तसा अनुभव आहे. दुसऱ्या घराचं मी सांगू शकत नाही.

बोटांत फिरवायची ती फिरकी का देत नाही, हेही विचारता. २०१७ साली तिचं खूळ आलं होतं. ती फिरली की डोळे तिच्यामागे जातात आणि फळ्यावरचं राहून जातं. पायाच्या अंगठ्याला डोळे लागत नाहीत.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या खेळांत नाही. ते घोडबंदर रोडवरच्या त्या पूजेत आहे.

जाऊबाईंच्या नव्या घराचा सत्यनारायण. तुमच्यातले बरेच जण होतात. सतरंजीवर दाटीवाटीने माणसं, दाराशी चपलांचा ढीग, आणि हा पहिल्या अध्यायापासून बाल्कनी ते स्वयंपाकघर फेऱ्या मारत होता. शंख वाजला की पळत यायचा, पुन्हा जायचा. ह्यांच्या मामांनी त्याला जवळ बोलावलं. त्यांचा त्याच्यावर फार जीव आहे, म्हणून हे लिहायला मला जड जातंय. त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढली आणि त्याच्यासमोर धरली. "दहा मिनिटं न हलता बसलास तर ही तुझी." कुणीतरी लगेच मोबाइलवर वेळ लावली. चौथा अध्याय सुरू होता, पण पोथीपेक्षा त्याच्याकडेच जास्त माणसं बघत होती.

मी मध्ये पडले असते तर "बघा, आईच त्याला बसू देत नाही" हे ऐकलं असतं. ते मी आधीही ऐकलेलं आहे.

तो बसला. मांडी घातली, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले. मी समोरच होते. मानेवरची शीर वर आली होती. ओठ आत ओढलेले. डाव्या पायाचा अंगठा वळून पांढरा पडला होता. डोळे पोथीकडे नव्हते, नोटेकडेही नव्हते. काठोकाठ भरलेली कळशी डोक्यावर असली की बाईचं सगळं चित्त जसं त्या पाण्यात असतं, तसा तो अख्खाच्या अख्खा न हलण्यात होता. गुरुजींचं काही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. शेजारच्या मुलाने त्याला कोपराने ढोसलं, तेही पोचलं नाही. वेळ संपली, मोबाइल वाजला, टाळ्या पडल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "बघ, जमतं की!"

हे वाक्य तेव्हापासून माझ्या मागे आहे. बसता येतं, म्हणजे एरवी तो बसायचं नाकारतो. जमतं, म्हणजे आईबाप कमी पडतात. तो जिंकला आणि तुमच्यासाठी निकाल लागला.

पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत. प्रसादाचा द्रोण हातात देताना आजीने त्याला विचारलं, "साधुवाण्याच्या नावेत काय निघालं रे शेवटी?" ही त्याची सगळ्यांत आवडती गोष्ट. आदल्या वर्षी आमच्याकडच्या पूजेत तो सोफ्याच्या हातावरून उड्या मारत ही कथा ऐकत होता, आणि नंतर त्याने आजीला सगळी सांगितली. साधुवाण्याने दंडी संन्याशाला खोटं सांगितलं की नावेत नुसत्या वेली आणि पानं आहेत, म्हणून खरंच पानं झाली. वर त्याचा प्रश्न होता: धनापेक्षा पानं हलकी, म्हणून नाव पाण्यातून वर आली का? नाव वर आल्याचं पोथीत आहे, आणि उड्या मारता मारता त्याने ते नेमकं टिपलं होतं. या वेळी गुरुजींपासून हातभर अंतरावर न हलता बसून त्याने आजीला विचारलं, "कुठली नाव?"

ठाणे स्टेशनला येताना बसमध्ये तो पुढच्या सीटला लाथा मारत राहिला. आपल्याच शर्टाची बाही चावून ओली केली. पुढे बसलेल्या काकूंनी माझ्याकडे जे बघायचं ते बघितलं. रात्री अंथरुणात त्याने विचारलं, "आता दर पूजेला असं बसावं लागेल?"

२०१५ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना आकडे-अक्षरं लक्षात ठेवून मनातल्या मनात त्यांचा क्रम लावायला दिला होता. एडीएचडी असलेली मुलं जितकी जास्त हलली, तितकं त्यांना ते अधिक चांगलं जमलं. बाकीच्या मुलांचं मात्र हलण्याने बिघडलं. हा दुसरा भाग मी मुद्दाम सांगते, कारण "सगळीच मुलं हलतात" आणि "सगळ्यांना हलू द्या" या दोन्ही बोलण्यांत मला आमचा मुलगा दिसत नाही. तो विचार करण्यासाठी हलतो. हलणं बंद करायला सगळी ताकद लावली की विचाराला ती उरत नाही. नावेची गोष्ट तिथेच हरवली.

त्या पूजेआधी मी स्वतः लोकांना सांगत असे की खेळ म्हणजे तात्पुरता टेकू आहे, पाचवीत जाईपर्यंत तो शांत बसू लागेल. फ्रिजवर तक्ता होता, बसलेल्या मिनिटांना चांदण्या. तो तक्ता मी काढला. पण तो लावणारी माझ्यातली बाई अजून माझ्याशी भांडते. ती विचारते, बोर्डाच्या परीक्षेत तीन तास याला कोण फिरू देणार आहे? बाकावरच्या शेजाऱ्याचं लिहिताना अक्षर हलतं, त्याच्या आईने काय करायचं? मी म्हणते, बुटातला अंगठा कुणाच्या अक्षराला धक्का लावत नाही. त्यावर ती म्हणते, म्हणजे तूही त्याला लपायलाच शिकवते आहेस. यावर माझ्याकडे उत्तर नाही. परवा तोच म्हणाला, "बुटातलं कुणाला दिसत नाही, म्हणून बरं." त्याला त्याची युक्ती आवडली आहे की स्वतःची लाज वाटायला लागली आहे, हे मला त्याच्या आवाजावरून ओळखता आलं नाही. ह्यांना वाटतं, युक्ती आहे. मला काही दिवस तसं वाटतं, काही दिवस नाही. हे इथे लिहू का, असं त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लिही, पण कुठलं अक्षर ते सांगायचं नाही." एक मी आधीच सांगून बसले होते, ते राहू दे म्हणाला.

श्रावणात आमच्याकडे पूजा आहे. तो असणार आहे आणि तो हलणार आहे. घंटा, फुलांची परडी फिरवणं आणि तीर्थ वाटणं ही कामं त्याने मागून घेतली आहेत. कथा झाल्यावर त्याला नावेचं विचारा. पैसे लावू नका, मोबाइलवर वेळ लावू नका. आणि मामा, तुम्ही नक्की या. तो तुम्हाला उलटा 'शिवाजी म्हणतो' शिकवणार आहे, आणि तुमच्याशेजारची जागा त्याने आत्ताच सांगून ठेवली आहे.