तुम्ही विचारलंत म्हणून: आर्चवर का गेलो नाही?

आर्च म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या सेंट लुईसची ती स्टीलची उंच कमान, जिच्या टोकापर्यंत जाता येतं. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचा द्रोण हातात घेऊन तुम्ही विचारता. भारतातून आलेले पाहुणे विचारतात. मामी तर दर फोनला विचारते, "बावीस वर्षं सेंट लुईसमध्ये राहतोस आणि आर्चवर एकदाही गेला नाहीस?" मुंबईत जन्म काढून घारापुरी न पाहिलेली माणसं मला ठाऊक आहेत, त्यांना कोणी असं छळत नाही.

माझं एक ठरलेलं उत्तर आहे, आणि ते खोटं नाही. ती ६३० फुटी कमान जिथे उभी आहे, तिथे नदीकाठचं जुनं शहर होतं. १९३९ पासून त्याचे जवळजवळ चाळीस ब्लॉक पाडले (ब्लॉक म्हणजे चार रस्त्यांमधला वस्तीचा अख्खा चौकोन). त्यासाठीच्या कर्जरोख्यांवर १९३५ मध्ये मतदान झालं, त्यात बोगस मतं पडली होती. जुनं कॅथीड्रल तेवढं वाचलं. पुढे कित्येक वर्षं त्या मोकळ्या जागेवर गाड्या उभ्या राहायच्या. वास्तुविशारद एरो सारिनेनचा आराखडा १९४८ मध्ये निवडला, बांधकाम सुरू झालं १९६३ मध्ये, तोवर तो बिचारा जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. १९६४ मध्ये कमान अर्धवट असताना पर्सी ग्रीन आणि रिचर्ड डेली हे नागरी हक्कांसाठी लढणारे दोघे सव्वाशे फूट चढून बसले, कारण त्या कामावर काळ्या कामगारांना डावललं जात होतं. म्हणून मी म्हणायचो, वर जाऊन काय बघायचं? समोरचं ओल्ड कोर्टहाऊस बघा, ड्रेड स्कॉट हा गुलाम आपल्या सुटकेसाठी तिथे खटला लढला.

आणि पाहुण्यांना घेऊन फॉरेस्ट पार्कला जायचो. तेराशे एकर, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपेक्षा मोठं. प्राणिसंग्रहालय फुकट, आर्ट म्युझियम फुकट. (फुकट म्हणजे आमच्या मालमत्ता करातून. मामीला हे सांगितलं की तिचा उत्साह अर्धा होतो.) १९०४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला पक्ष्यांचा प्रचंड पिंजरा तिथे अजून आहे.

एकदा बायको म्हणाली, "पाडलेल्या घरांमुळे तुला आर्च नको. मग त्याच प्रदर्शनात हजारावर फिलिपिनो माणसं आणून बघायला ठेवली होती, ते तुला कसं चालतं?" मी म्हटलं, तो वेगळा विषय आहे. वेगळा नाही, हे दोघांनाही कळलं होतं.

तर खरं काय ते सांगतो. जुलै २००७. ठाण्याहून ताई आणि मेहुणे आले होते, आम्ही दोघं आणि सहा वर्षांचा मुलगा. पाच जण, आणि आर्चच्या आतून वर नेणाऱ्या ट्रामच्या एका डब्यात आसनंही पाच. वा, जमून आलं, असं मेहुणे दोनदा म्हणाले. खाली एकेका डब्यासमोर पायऱ्यांवर उभं करतात. मुलगा त्या बुटक्या दाराकडे बघून कुरकुरायला लागला. मी त्याचा हात धरून म्हटलं, "घाबरायचं काय त्यात? मी आहे ना."

दार चारेक फूट उंचीचं. वाकून आत गेलो. वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये पाच पांढऱ्या खुर्च्या गोलात बसवाव्यात, तसं. डोकं वळणदार छताला टेकलं, गुडघे मेहुण्यांच्या गुडघ्यांना. ताईचं जेटलॅगने डोकं दुखत होतं, तिने लावलेल्या अमृतांजनाचा वास त्या एवढ्याशा जागेत भरला. बस्स, तेवढंच. काही बिघडलं नव्हतं. मला मात्र श्वास पुरेना. दार लागायच्या आत मी मुलाच्या मुठीतून हात ओढून काढला आणि वाकून बाहेर आलो. तो "बाबा" म्हणाला की नुसतं तोंड उघडलं, तेही नीट आठवत नाही. दार लागलं. डबा वर गेला, एक खुर्ची रिकामी.

वर जायला चार मिनिटं, यायला तीन. मधला अर्धा तास मी बाहेर, कमानीच्या पायाशी. दुरून आरशासारखं दिसणारं ते स्टील जवळून नखशिखान्त ओरखडलेलं आहे. लोकांनी किल्ल्यांनी नावं कोरली आहेत, बदामात बदाम. मी ती नावं वाचत बसलो. मुलगा आला तो उड्या मारतच. "बाबा, वरून माणसं मुंगीएवढी दिसतात. तू कुठला ते कळलंच नाही."

पुढच्याच आठवड्यात लायब्ररीतून आर्चच्या इतिहासाचं पुस्तक आणलं. चाळीस ब्लॉक मला तेव्हा कळले. त्या दाराशी उभं असताना मला एकही ब्लॉक माहीत नव्हता. पण म्हणून ते ब्लॉक पाडले गेले नव्हते, असंही नाही ना? इथे माझं माझ्याशीच भांडण होतं आणि दरवेळी दोघंही चिडून उठतो.

त्या दिवसाबद्दल मुलगा कधी बोलला नाही. आता चोवीस वर्षांचा आहे. परवा शिकागोहून फोन आला, ऑक्टोबरमध्ये तीन मित्रांना घेऊन येतोय, आर्चची तिकिटं आधीच काढून ठेवायची आहेत.

"चार काढू," त्याने विचारलं, "की पाच?"

म्हटलं, आईला विचारून सांगतो. बायको शेजारीच बसली होती.