तुम्ही विचारलंत म्हणून: फौजी बरी की दुकानातली?

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेतही विचारतात, रेंजवर तर विचारतातच: ‘थ्री-ओ-एटला (.३०८ बोअरच्या रायफलीला) फौजी मॅच, म्हणजे स्पर्धेची, गोळी बरी की दुकानातली?’

आधी एक. गोळी नव्हे, काडतूस. गोळी म्हणजे त्याचं फक्त पुढचं टोक. कीस पाडतोय असं वाटेल, पण सगळी भानगड त्या टोकातच आहे.

पूर्वी मी छातीठोक सांगायचो, दुकानातली. फौजी काडतुसाला चिखलापाण्यात चालायचं असतं, म्हणून केसच्या, म्हणजे पितळी नळीच्या, तोंडाला डांबरी लेप. तो गोळीला कधी घट्ट धरतो, कधी सैल, आणि वेग कमीजास्त होतो. हे आजही मागे घेणार नाही.

मग ओहायोतला तो शनिवार. कॅम्प पेरीच्या नेमबाजी स्पर्धेआधीचा सराव, १००० यार्ड, माझी एम-वन-ए रायफल. दुकानातली महागडी मॅच काडतुसं, गोळी १६८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं माप). ३०० यार्डांवर चहाच्या बशीत मावणारी. दहा झाडली. गोळी लागली की खूण करायला टार्गेट खाली ओढतात; तीन वेळा ते खाली गेलंच नाही, म्हणजे तीन हुकल्या. सहाव्याला पिटमधून, म्हणजे टार्गेटखालच्या खंदकातून, तिथल्या माणसाचा वॉकीटॉकीवर आवाज आला, ‘भोक गोल नाही, लांबुळकं आहे.’ गोळी आडवी होऊन शिरली होती. डोक्यावरून जाताना चाबकासारखा कडाका ऐकू येतो, तोही नव्हता म्हणाला तो पिटवाला, नुसती फरफर. म्हणजे आवाजाच्या वेगाखाली घसरली होती. शेजारी सत्तरीचे एक निवृत्त मरीन. त्यांच्याकडे फौजी एम-११८ एलआर काडतुसं, गोळी १७५ ग्रेनची. दहाच्या दहा कागदावर. माझ्याकडे एकदा बघितलं, बोलले काही नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं.

घरी येऊन वाचत बसलो. ती १६८ ची गोळी मुळात ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय नेमबाजीसाठी घडवलेली. आवाजाच्या वेगाजवळ आली की डगमगते. आणि कहर म्हणजे फौजेचं जुनं एम-८५२ काडतूस नेमकं याच गोळीचं! टोकाला भोक, म्हणून अंगात शिरल्यावर फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणाऱ्या १८९९ च्या हेग जाहीरनाम्याची धास्ती. खोक्यावर ‘युद्धात वापरू नये’ असं छापलेलं. १९८५ साली लष्कराच्या कायदेतज्ज्ञांनी हरकत नाही म्हटलं. मग फौजी कुठली नि दुकानी कुठली?

आता १७५ च वापरतो. दुकानातली, हो. हसा.

पण आडवं भोक गोळीचं धरलं, तरी हुकलेल्या तिन्ही तिच्याच खाती घालता येत नाहीत. मधेच वारा उलटला होता आणि मी त्याप्रमाणे नेमाची साइट हलवलीच नव्हती. हे आजवर कुणाला बोललो नाही. त्या मरीनना ते दिसलं असणार.