आमची वाटचाल : पहिल्या पानाची हमी न देता

कोल्हापुरात वेबसाइट तयार करून देणारी आमची छोटी फर्म २००९ साली सुरू झाली. त्याआधी आम्ही डीटीपीचे काम करत होतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्रींचे कॅटलॉग हे आमचे मुख्य काम होते. परदेशी ग्राहकांना दाखवण्यासाठी या फाउंड्रीवाल्यांना वेबसाइट हवी वाटू लागली, तेव्हा कॅटलॉगचा मजकूर आणि फोटो आमच्याकडेच असल्यामुळे ते आमच्याकडेच आले. वेबसाइट सुरू झाली की पुढच्याच महिन्यात फोन येई, "साहेब, गूगलवर आपण पहिल्या पानावर का दिसत नाही?" या प्रश्नातून आमचा एसईओचा, म्हणजे शोधनिकालांत वेबसाइट वर आणण्याचा, व्यवसाय उभा राहिला. त्या व्यवसायात राहूनही त्यातल्या बहुतेक आकड्यांवर विसंबायचे नाही, हे धोरण आम्ही पुढे ठरवले.

आम्ही उतरलो तेव्हा बाजारात पेजरँकचा बोलबाला होता. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये मांडलेली मूळ कल्पना भक्कम होती : एखाद्या पानाकडे कोणती पाने दुवा देतात आणि त्या पानांचे स्वतःचे वजन किती, यावरून त्या पानाचे महत्त्व ठरवायचे. अडचण सुरू झाली ती २००० सालच्या अखेरीस, गूगलने आपल्या टूलबारमध्ये ० ते १० असा अंक एका हिरव्या पट्टीसह सर्वांना दाखवायला सुरुवात केली तेव्हा. हा अंक गूगलच्या आतल्या हिशेबाची ढोबळ आणि जुनी प्रत होता, परंतु अंक डोळ्यांना दिसू लागला की त्याला भाव येतो. पीआर (पेजरँक) ४ च्या पानावरील दुव्याचा दर वेगळा आणि पीआर ६ चा वेगळा, अशी दरपत्रके ई-मेलने आमच्यापर्यंतही येत असत. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकान-साखळीच्या बाजूने विकत घेतल्यासारख्या दिसणाऱ्या दुव्यांचे जाळे उघड केले आणि गूगलने त्या कंपनीला निकालांत खाली ढकलले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पेंग्विन हा गूगलच्या शोधपद्धतीतला बदल आला आणि असे दुवे घेतलेल्या असंख्य छोट्या वेबसाइट्सही घसरल्या. टूलबारमधला अंक डिसेंबर २०१३ नंतर अद्ययावत झालाच नाही, आणि २०१६ मध्ये तो दाखवणेही बंद झाले. मधल्या काळात हा गोठलेला अंक ताजा म्हणून कोटेशनांमध्ये बिनदिक्कत विकला जात होता, आणि घेणाऱ्याला ते कळण्याचा काही मार्ग नव्हता.

या धंद्यात तज्ज्ञ कोणाला म्हणायचे, हा प्रश्न आम्हाला तेव्हापासून पडलेला आहे. चार्टर्ड अकाउंटंटला परीक्षा आणि सदस्यत्व असते. एसईओचे काम कोणीही, आज सकाळी व्हिजिटिंग कार्ड छापून, दुपारी सुरू करू शकतो. गूगल जाहिरातींच्या आणि ॲनालिटिक्सच्या ज्ञानाबद्दल प्रमाणपत्रे देते आणि जाहिराती हाताळणाऱ्या एजन्सींना पार्टनरचा बिल्लाही देते. मात्र जाहिरात न देता निकालांत वर आणण्याचा परवाना तिने कोणालाही दिलेला नाही. तरीही आमच्या ग्राहकांपुढे ठेवल्या जाणाऱ्या प्रस्तावांच्या मुखपृष्ठावर तोच बिल्ला असतो आणि आत मात्र एसईओचे पॅकेज असते. स्वतः गूगलच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेले आहे की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. आम्ही हे वाक्य मराठीत करून प्रत्येक कोटेशनच्या पहिल्याच पानावर छापतो. त्यामुळे काही ग्राहक तिथेच थांबतात, हे आम्हाला ठाऊक आहे.

हमी देणारे ती पाळतात कशी, हे एका फाउंड्रीमालकांनी आम्हाला आणून दिलेल्या रिपोर्टवरून चांगले लक्षात आले. मोठ्या शहरातल्या एका कंपनीने त्यांना वर्षभराच्या करारात निवडक कीवर्डवर, म्हणजे शोधताना टाइप होणाऱ्या शब्दांवर, पहिला क्रमांक देण्याचे कबूल केले होते, आणि रिपोर्टमध्ये सर्व कीवर्डपुढे हिरव्या रंगात १ असा आकडा होता. त्यातला एक कीवर्ड होता "बेस्ट एसजी आयर्न पंप केसिंग मॅन्युफॅक्चरर इन शिरोली कोल्हापूर". एवढे लांबलचक वाक्य कोणताही खरेदी अधिकारी टाइप करत नाही, आणि नेमके तेच वाक्य वेबसाइटच्या शीर्षकात टाकल्यावर तिथे स्पर्धेला दुसरे कोणी उरतच नाही. कराराच्या शब्दांत पाहिले तर काम चोख झालेले होते. शिवाय मालक स्वतः कारखान्यात बसून फोनवर शोधून पाहत, आणि शोधणारा कुठे बसला आहे हे गूगल विचारात घेत असल्यामुळे त्यांना आपली फाउंड्री वर दिसे. चेन्नईतल्या पंप उत्पादकाला ती तशीच दिसते असे नाही. "पहिला नंबर तर आहे, मग ऑर्डर का नाही?" असे त्यांनी विचारले. आम्ही त्यांना दुसरे पॅकेज विकले नाही. वेबसाइटचा मजकूर दाखवायला सांगितले.

पेजरँकची जागा पुढे डोमेन अथॉरिटी, म्हणजे डीए, या मुख्यतः दुव्यांवरून काढल्या जाणाऱ्या आकड्याने घेतली. हा आकडा मॉझ या खासगी कंपनीचा आहे. एहरेफ्सचा डोमेन रेटिंग आणि सेमरशचा अथॉरिटी स्कोअर हे त्याचेच भाऊबंद. १ ते १०० ची ही पट्टी सरळ चढत नाही, त्यामुळे २० वरून ३० ला जाणे सोपे आणि ७० वरून ८० ला जाणे फार कठीण असते. स्वतः मॉझ सांगते की हा अंक एका वेबसाइटची दुसरीशी तुलना करण्यापुरता आहे, आणि निकाल लावताना आपण तो वापरत नसल्याचे गूगलने अनेकदा सांगितले आहे. २०१९ च्या मार्चमध्ये मॉझने मोजण्याची पद्धत बदलली, तेव्हा एकही अक्षर न बदललेल्या वेबसाइट्सचे अंक वरखाली झाले. आमच्या भागात ऊस उत्पादकाला कारखान्याच्या काट्याबद्दल नेहमी शंका असते, पण त्या काट्यावर निदान वैधमापन विभागाची मोहोर असते आणि तक्रार करायला एक दार असते. इथे काटा बनवणारा खासगी, वजन सांगणारा खासगी, आणि वाढलेल्या वजनावर आपले बिल लावणाराही तोच काटा पुढे करतो. २०२४ च्या मे महिन्यात गूगलच्या अंतर्गत दस्तऐवजांची जी गळती झाली, तीत साइट अथॉरिटी नावाचा एक गुणधर्म सापडला आणि "बघा, डीए खरा निघाला" अशी हाकाटी झाली. नावे सारखी दिसली तरी गूगलच्या आतला तो गुणधर्म आणि मॉझचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या गुणधर्माला किती वजन दिले जाते हे त्या दस्तऐवजांत नाही.

करारात "तीन महिन्यांत डीए ३०" असे कलम असले की ते पूर्ण करण्याची पद्धत ठरलेली असते. अशाच एका करारातून बाहेर पडलेल्या ग्राहकाच्या दुव्यांची यादी आम्ही एकेक करून उघडून पाहिली. कुत्र्यांच्या खाद्यावरच्या इंग्रजी लेखात मध्येच "दर्जेदार कास्टिंगसाठी" असे म्हणून फाउंड्रीचा दुवा होता. पुढचे पान ऑनलाइन जुगाराचे, त्यापुढचे विग विकणाऱ्यांचे, आणि कितीतरी पानांच्या तळाशी एकच ई-मेल पत्ता. डीए मात्र ठरल्याप्रमाणे वाढलेला होता. हे दुवे गूगल बहुतेक वेळा सरळ दुर्लक्षित करते, म्हणजे नुकसान झाले तरी ते गेलेल्या पैशांचे असते. पण "नुकसान नाही" या कामासाठी कोणी दरमहा चेक का द्यावा, याचे उत्तर आम्हाला कोणी दिलेले नाही.

वेबसाइट किती पाहिली जाते याचा क्रमांक देणाऱ्या अलेक्सा रँकचीही गत वेगळी नव्हती. तो आकडा मुख्यतः अलेक्साचा टूलबार किंवा एक्स्टेन्शन बसवलेल्या लोकांच्या वावरावर काढला जाई, त्यामुळे छोट्या वेबसाइटने आपल्याच कार्यालयातल्या संगणकांवर तो बसवला तरी क्रमांक सुधारत असे. ॲमेझॉनने १ मे २०२२ रोजी ही सेवा बंद केली आणि स्थानिक बातम्यांच्या काही पोर्टलांना आपली जाहिरातींची दरपत्रके पुन्हा छापावी लागली.

कीवर्ड किती वेळा शोधला जातो, हा आकडा अधिक गंभीरपणे घ्यावा असा आहे, कारण त्यावर कामाची दिशा ठरते. गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये जाहिरातीवर पुरेसा खर्च न करणाऱ्याला "१०० ते १०००" असे ऐसपैस पट्टे दिसतात, आणि मिळतेजुळते शब्दप्रयोग एकत्र मोजले जातात. खासगी टूल्स त्यावर स्वतःचे अंदाज चढवतात. मराठीसाठी तर हे अंदाज फारच तोकडे पडतात. आमच्या एका गूळ विक्रेत्या ग्राहकाकडे येणारे लोक "सेंद्रिय गूळ" असे देवनागरीत शोधतात, "गुळ" असे ऱ्हस्व लिहून शोधतात, रोमन लिपीत मराठी लिहून शोधतात आणि इंग्रजीतही शोधतात. टूलमध्ये यांतल्या बहुतेकांपुढे शून्य दिसते, आणि वेबसाइटमालकांसाठीच्या गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात त्याच शब्दांवरून आलेले क्लिक दिसतात. फाउंड्रीच्या बाबतीत शून्य आणखी फसवे असते : विशिष्ट ग्रेडची कास्टिंग शोधणारे वर्षात मोजकेच असतात, पण त्यांतला एक लागला तर लाखोंची ऑर्डर असते.

म्हणून आम्ही मजकुराकडे वळलो. पहिला क्रमांक मिळूनही ऑर्डर नसलेल्या त्या फाउंड्रीच्या वेबसाइटवर "आम्ही दर्जेदार कास्टिंगचे अग्रगण्य उत्पादक व निर्यातदार आहोत" असे एकच वाक्य वेगवेगळ्या पानांवर फिरत होते. ते काढून आम्ही त्यांच्या मेथड शॉपमध्ये, म्हणजे कास्टिंग कसे ओतायचे हे ठरवणाऱ्या विभागात, बसलो आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या ४००/१५, ५००/७, ६००/३ या ग्रेडसाठी वेगळी पाने केली. किमान आणि कमाल वजन, मोल्डिंग लाइनचा बॉक्स साइज, स्पेक्ट्रोमीटर आहे की नाही, मशिनिंग आत होते की बाहेर, हे सगळे लिहिले. गूगल नकाशावरची पिन वसाहतीच्या चुकीच्या गेटवर होती, ती हलवली. दुसऱ्या काही ग्राहकांचा मराठी मजकूर श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होता आणि तो गूगलला अर्थहीन अक्षरांसारखा दिसत होता. तो बदलून घेण्यात आमच्या डीटीपीच्या अनुभवाचा फार उपयोग झाला. हे काम कंटाळवाणे आहे आणि पॉवरपॉइंटमध्ये शोभत नाही.

आमचा मासिक रिपोर्ट एका पानाचा आहे. त्यात डीए नाही आणि रँकही नाही. सर्च कन्सोलचे क्लिक, वेबसाइटवरून आलेल्या ई-मेल व फोन चौकशा, आणि त्या महिन्यात आम्ही केलेल्या कामांचे तास एवढेच त्यात असते. चौकशांची नोंद ग्राहकाच्याच कार्यालयातल्या वहीत त्यांचाच माणूस करतो, आम्ही ती फक्त उतरवून घेतो. हे मोजमापही निर्दोष नाही. "आमचे नाव कुठे पाहिले?" असे विचारले की कोणत्याही व्यापारी पोर्टलवर पाहिलेले असले तरी माणूस "गूगलवर" असे सांगतो, आणि फाउंड्रीच्या धंद्यात चौकशी, नमुना, ऑडिट आणि पहिली ऑर्डर यांत कित्येक महिने जात असल्याने कोणत्या पानामुळे ऑर्डर आली हे छातीठोकपणे सांगता येत नाही. सर्च कन्सोलही गोपनीयतेसाठी विरळ शोध झाकून ठेवते, त्यामुळे शब्दांच्या तक्त्याची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. आमचे एक ग्राहक हिशेबात काटेकोर आहेत. त्यांनी ती बेरीज स्वतः करून पाहिली आणि फरक विचारला, तेव्हा आम्हाला मनापासून बरे वाटले.

या धोरणाची कसोटी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लागली. एका पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय गूगलने बंद केली, आणि रँक तपासणारी टूल्स ज्या रीतीने निकाल ओढत होती ती रीत मोडली. त्याबरोबर असंख्य वेबसाइट्सचे इम्प्रेशन, म्हणजे निकालांत दिसल्याची संख्या, एकदम घसरले आणि सरासरी स्थान एकदम सुधारले. मागच्या पानांवरच्या निकालांना जे "पाहणारे" मोजले जात होते, त्यांत माणसांऐवजी यंत्रे बरीच होती, असाच त्याचा अर्थ लागत होता. ज्यांनी वर्षानुवर्षे इम्प्रेशनचा चढता आलेख दाखवला होता त्यांना तो आता समजावून सांगावा लागला. आमच्या एका ग्राहकाकडे आलेल्या दुसऱ्या कंपनीच्या प्रस्तावात तर सुधारलेले सरासरी स्थान स्वतःची कामगिरी म्हणून मांडलेले होते. आमच्या ग्राहकांच्या वह्यांत त्या महिन्यात विशेष काही घडलेले नव्हते.

सध्या विचारणा होते ती एआयची. गूगलचे एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर एआयने दिलेले उत्तर, भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाले, आणि उत्तर वरच मिळाल्यामुळे माहितीपर पानांवरचे क्लिक घटल्याचे आमच्या रिपोर्टांतही दिसते. त्यापाठोपाठ "एआय व्हिजिबिलिटी स्कोअर" विकणारे आले आहेत. तोच प्रश्न तीन वेळा विचारला तर ही यंत्रे तीन वेगळ्या याद्या देऊ शकतात, त्यामुळे एका प्रयोगावरून काढलेला अंक आम्ही रिपोर्टमध्ये घालत नाही. चौकशी करणाऱ्याने एआयचे नाव घेतले तर ते लिहिण्यासाठी वहीत एक रकाना मात्र वाढवला आहे, आणि त्यात अधूनमधून नोंदी पडू लागल्या आहेत. या वर्षीच्या दरपत्रकात एआयसाठी वेगळे पॅकेज नाही. ग्रेडवार पानांचे आणि इंग्रजी मजकुराचे तास तेवढे वाढवले आहेत.