आमची वाटचाल : कूलरच्या ताट्यांपासून डक्टमधल्या आउटडोअरपर्यंत

नागपुरात आमचं काम सुरू झालं ते कूलरपासून. मार्चमध्ये ताट्या (कूलरच्या बाजूंच्या गवताच्या जाळ्या) बदलायच्या, पंप तपासायचा, टाकीला आतून रंग द्यायचा. पाऊस पडला की धंदा बंद. कोरड्या उन्हात कूलरइतकं स्वस्त काही नाही, हे आम्ही आजही गिऱ्हाइकाला सांगतो. पण फ्लॅट स्कीम वाढल्या, खिडकीबाहेर कूलर टांगायला सोसायट्या नाही म्हणू लागल्या आणि काम स्प्लिट एसीकडे वळलं.

एसीवर छापलेली क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजलेली असते. इथला मे महिना 45 चा. 23 मे 2013 ला तर पारा 47.9 वर गेला होता. अशा उन्हात दीड टनाचं साधं मशीन जेमतेम सव्वा टनाचं काम करतं, वीज मात्र जास्त खातं. ‘52 अंशांपर्यंत चालतो’ या दाव्याचा अर्थ बंद पडत नाही एवढाच. थंडावा पूर्ण मिळेल असं नाही.

उन्हाळ्यात फोन येतो तो ‘गॅस संपला’ म्हणून. गॅस संपत नसतो; गळती असेल तरच कमी होतो. खरी भानगड बहुधा डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या अरुंद पोकळीत असते. तिथे आउटडोअर (एसीचे बाहेरचे भाग) एकावर एक टांगलेले, खालच्याने फेकलेली गरम हवा वरचा ओढतो. कॉइलमधला गॅस 60 अंशांवर द्रवात बदलू लागला की आर-32 चा (हल्लीच्या एसीतला गॅस) दाब साडेपाचशे पीएसआयच्या (दाबाचं एकक) घरात जातो, कॉम्प्रेसर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि निवल्यावर पुन्हा सुरू होतो. इथे गॅस भरणं म्हणजे दाब आणखी वाढवणं. आम्ही स्टँड बाहेरच्या भिंतीवर हलवतो. मागे 15 सेंटिमीटर, पुढे किमान 60 सेंटिमीटर मोकळं. शेडनेट वरून चालेल, पंख्यासमोर नको.

मग धुलाई. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांकडची बारीक राख फिनमध्ये, म्हणजे कॉइलवरच्या पातळ पत्र्यांत, दडपून बसते. मेन स्विच बंद, झाकण काढायचं, पाणी आतून बाहेर, कमी दाबाने आणि सरळ मारायचं. तिरकं मारलं की फिन आडव्या होतात, आणि आडव्या फिन म्हणजे बंद खिडकी. ॲसिड आम्ही वापरत नाही.

‘पंखा फिरतो, कॉम्प्रेसर घूं-घूं करून थांबतो’ म्हटलं की आधी कॅपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू करायला जोर देणारा भाग, तपासायचा. 50 मायक्रोफॅरडचा 47 च्या खाली मोजला की बदलायचा. सोबत टर्मिनलही बघायचे. ढिला स्क्रू तापून वायर काळी पडते.

आर-22 या जुन्या गॅसवरचा एसी काढून आर-32 चा बसवताना भिंतीतला पाइप तसाच ठेवण्याचा आग्रह होतो. आम्ही त्याची जाडी बघतो: 0.8 मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर नवा टाकतो. ठेवलाच तर जुनं तेल नायट्रोजनने काढून, दाबाखाली गळती तपासून, 500 मायक्रॉनपर्यंत (निर्वात मोजायचं एकक) व्हॅक्युम. गॅस वजनकाट्यावर मोजून, मशीनच्या प्लेटवर लिहिला तेवढाच. नुसत्या गेजवर (दाबमापकावर) विसंबून भरलेला गॅस मेमध्ये त्रास देतो.

डिसेंबर 2018 मध्ये नागपूर 3.5 अंशांवर उतरलं, तेव्हापासून हॉट अँड कोल्ड मॉडेलची विचारणा वाढली. वर्षभर न हललेला फोर-वे व्हॉल्व्ह (गॅसची दिशा उलटवून थंडचं गरम करणारा) अडकू शकतो; नोव्हेंबरात दहा मिनिटं हीटवर चालवून बघा. गरम हवेऐवजी थंडच येत राहिली, तर कार्डाकडे (एसीच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटकडे) वळण्याआधी व्हॉल्व्हच्या कॉइलला व्होल्टेज मिळतंय का ते मोजायचं.