स्टेरॉइड अजून चालूच?

भिशीत, लग्नात, कुठंही पर्समधून गोळी काढली की कुणीतरी विचारतंच, 'अगं अजून स्टेरॉइड घेतेस? बंद कर की आता.' परवा तुम्हीपण विचारलंत म्हणून एकदाचं सांगूनच टाकते.

मला ॲडिसन्स नावाचा आजार आहे. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर ॲड्रिनल ग्रंथी असतात, त्या माझ्या कामातून गेल्यात. लहानपणी टीबी झाला होता तो बरा झाला पण जाताजाता तिथं हात मारून गेला असं डॉक्टर म्हणतात, सीटी स्कॅनमध्ये चुन्याचे ठिपके दिसले. त्याआधी वर्षभर नुसता थकवा, वजन उतरत चाललेलं, उठून उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी, आणि तळहातावरच्या रेषा पेनाने गिरवल्यासारख्या काळ्या. सगळे म्हणायचे ऊन लागतंय, गाडीवर स्कार्फ बांधत जा. हिरड्या काळ्या पडल्या होत्या, त्यांना कुठला स्कार्फ बांधू! रात्री ओट्यापाशी उभी राहून लोणच्याचा खार चमच्याने खायचे हे तर कुणाला सांगितलंच नव्हतं. अंगात मीठ टिकतच नव्हतं हे नंतर कळलं. शेवटी सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे या ग्रंथी बनवतात ते स्टेरॉइड, रक्तात तपासलं तेव्हा उलगडा झाला.

तर माझी गोळी म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन, तुमचं शरीर जे गुपचूप बनवतं तेच मी विकत घेते, सकाळी 10 मिलिग्रॅम आणि दुपारी 5. जिममधली पोरं घेतात ते वेगळं. दम्याला वगैरे मोठ्या डोसने देतात आणि तोंड सुजतं, तेही वेगळं, पण तेसुद्धा बरेच दिवस घेतलं असेल तर मनाने एकदम थांबवू नका, तोवर आपल्या ग्रंथी झोपलेल्या असतात.

मी एकदा थांबवली होती. आत्याबाई मागंच लागल्या, हाडं ठिसूळ होतील म्हणून. तिसऱ्या दिवशी उलट्या, बीपी लागेना, आणि नेमकं विसर्जन, लक्ष्मी रोड बंद, टिळक रोड बंद, मुलाने गल्लीबोळातून बाईकवर मधे बसवून नेलं. शिरेतून 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाईन, संध्याकाळी मी चहा मागत होते.

आता ताप आला की डोस दुप्पट, आणि उलटीने गोळी टिकली नाही तर इंजेक्शन. ते फ्रीजवरच्या डब्यात असतं. मुलाने टोचायची प्रॅक्टिस मोसंब्यावर केली, ते मोसंबं नंतर कुणीच खाल्लं नाही.