माळ्यावरचा स्पेक्ट्रम

मे महिन्यात मालवणजवळच्या आचऱ्याच्या घराची कौलं परतायला काढली आणि माळा रिकामा करावा लागला. फुटका हारा, भोक पडलेलं घंगाळ, वडिलांच्या पंचांगांचा गठ्ठा आणि त्याखाली बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा. आत खताच्या पिशवीत गुंडाळलेला माझा काँप्युटर. डीबी स्पेक्ट्रम प्लस. सोबत तीन कॅसेटी (तेव्हा प्रोग्रॅम कॅसेटवरच साठवायचे), त्यातल्या एकीवर माझ्याच सातवीतल्या अक्षरात ‘भरती’.

पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअर कंपनीच्या परवान्यावर ऐंशीच्या दशकात हे मशीन आपल्याकडे विकलं. मूळ स्पेक्ट्रम इंग्लंडातला, १९८२चा. जरा बऱ्या कीबोर्डचा ‘प्लस’ १९८४चा. मुंबईचे काका एका चतुर्थीला माझ्यासाठी घेऊन आले, तेव्हा वाडीत टीव्हीच दोन होते. साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड-८०ए प्रोसेसर आणि ४८ केबी मेमरी. आज व्हॉट्सॲपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा एक गुलाबसुद्धा त्यात मावायचा नाही.

पहिला मोह म्हणजे प्लग लावून बघायचा. तो आवरला हे या सगळ्या प्रकरणातलं माझं एकमेव शहाणपण. आमच्याकडे पावसात बरणीतल्या मिठाचं पाणी होतं, तिथे तीस-पस्तीस वर्षं खाऱ्या हवेत पडलेल्या सर्किटमध्ये काय काय झालं असेल, ते न बघता वीज सोडायची म्हणजे मुद्दाम जाळायचंच.

शिवाय ॲडॅप्टरची वायर उंदरांनी कुरतडली होती, त्यामुळे नवा घेणं आलंच. इथे एक खड्डा आहे. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात, पण पिनच्या मधोमध ऋण आणि बाहेरच्या कड्याला धन. हल्ली बाजारात मिळणारे बहुतेक ॲडॅप्टर नेमके उलटे. पिन बरोबर बसते, व्होल्ट बरोबर असतात आणि मशीन जातं. मी नवा ॲडॅप्टर घेतला, वायर कापून उलटी जोडली, मल्टिमीटरने दोनदा तपासली आणि वर लाल चिकटपट्टी लावली, घरातल्या कुणी राउटरला लावू नये म्हणून.

खालचे स्क्रू काढून झाकण उचललं. कीबोर्डपासून बोर्डापर्यंत प्लॅस्टिकच्या दोन पातळ पट्ट्या येतात, त्या पापडासारख्या मोडल्या. हे होणारच होतं. चाळीस वर्षांत ते प्लॅस्टिक कडक होतं. कळांखालचा हा प्लॅस्टिकचा पडदा, मेंब्रेन, आजही नवा बनतो, तो मागवला.

बोर्ड बघून मात्र जीव थोडा खाली आला. पालीची दोन अंडी, मुंग्यांनी आणून ठेवलेली माती, आणि कॅसेट रेकॉर्डरची पिन जिथे जाते त्या ‘इअर’च्या भोकात कुंभारीण माशीचं घर! तिने मातीचं बूच इतकं सफाईने मारलं होतं की आधी मला तो कंपनीचाच भाग वाटला. टाचणीने पोखरत पोखरत काढलं, तर आत वाळलेल्या कोळ्यांचा चुरा. तिच्या पिल्लांची शिदोरी.

खरं नुकसान मागच्या कडेला होतं. बोर्डाच्या ज्या टोकावर जोडण्या बसतात, तिथली तांब्याची बोटं मोरचुदासारखी निळी-हिरवी झाली होती. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, मग पेन्सिलीचं साधं खोडरबर, मग पुन्हा अल्कोहोल. सॅंडपेपर लावायचा नाही, तांब्याचा थर तेवढा जाड नसतो. या एका कडेवर माझे दोन रविवार गेले, आणि पुढे याच कडेने मला रडवलं.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे बदलले. दोन्ही टोकांना आडव्या तारा असलेले जुन्या पद्धतीचे मिळेनात, मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एका भाच्याने पाठवले. ९ व्होल्टांचे ५ करणारा ७८०५ रेग्युलेटर तापून तापून आसपासचा बोर्ड तपकिरी झाला होता. त्याजागी त्याच तीन पायांचा छोटा स्विचिंग रेग्युलेटर बसवला, तो जवळजवळ तापतच नाही. मूळ भाग काढू नयेत म्हणणारे लोक मला माहीत आहेत. संग्रहालयात ठेवायचं असेल तर त्यांचं खरं. मला ते आमच्या ओटीवर, एकतीस-बत्तीस डिग्रीच्या दमट उकाड्यात चालवायचं होतं.

चित्राचा प्रश्न राहिला. हे मशीन टीव्हीच्या अँटेनात यूएचएफच्या ३६व्या चॅनेलवर चित्र सोडतं. नवे टीव्ही ते पकडायला तयार नसतात, पकडलं तर मुंग्या. चित्र चॅनेलवर चढवणाऱ्या चांदीच्या डबीसारख्या मॉड्युलेटरकडे जाताना साधा कंपोझिट व्हिडिओ आधीच तयार असतो. तोच डबीला वळसा घालून पिवळ्या सॉकेटला आणायचा. दोन तारा आणि एक कपॅसिटर. डबी जागेवरच ठेवली, उगाच भोकं पाडायची नाहीत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर पाऊस कोसळत असताना, पहिल्यांदा वीज दिली. शेजारचे तात्या येऊन बसले होते. मालवणच्या बाजारात आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केलेला माणूस, सोल्डरिंग मी त्यांच्याकडूनच शिकलो. पडदा काळा झाला, मग पांढरा, आणि तळाशी एक ओळ: © १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड.

तात्या म्हणाले, “मेल्या, ह्यां अजून जितां आसा!”

मेमरी पूर्ण आहे का हे बघायची जुनी युक्ती हातांना आठवत होती. २३७३२ आणि २३७३३ या पत्त्यांवर मेमरीचं वरचं टोक लिहिलेलं असतं. दुसरा आकडा २५६ने गुणून पहिल्यात मिळवायचा. ३२७६७ आलं तर वरची ३२ केबी मेली, फक्त १६ उरली. माझं ६५५३५ आलं. अख्खं अठ्ठेचाळीस.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण युरोपातून डिव्हएमएमसी नावाचं कार्ड मागवलेलं होतं आणि ते त्याच आठवड्यात पोचलं. ते मागच्या कडेला बसतं, त्यात एसडी कार्ड जातं, वर एक बटण असतं. बटण दाबलं की फायलींची यादी येते, हवी ती निवडायची आणि प्रोग्रॅम क्षणात मेमरीत. त्याच कार्डावर केम्पस्टन जॉयस्टिकचं सॉकेटही होतं. ज्याने लहानपणी एका खेळासाठी पाच-पाच मिनिटं रेकॉर्डरची किंचाळी ऐकली आहे आणि शेवटी ‘टेप लोडिंग एरर’ बघितली आहे, त्याला हे म्हणजे होडीतून उतरून मोटारीत बसल्यासारखं.

दोन दिवस सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी यादी येईना. मला वाटलं कार्ड नीट बसलं नाही, म्हणून बोटाने जरासं दाबलं. मशीन चालू असताना. हे करायचं नसतं हे मला सातवीपासून ठाऊक होतं. मॅन्युअलमध्येही लिहिलेलं असतं. त्या कडेवर ५ व्होल्ट, ९ व्होल्ट, १२ व्होल्ट सगळे शेजारी शेजारी नांदतात. कार्ड केसभर सरकलं, आणि मशीनमधून येणारी कॉइलची बारीक शीळ बंद झाली. ती शीळ आहे हे मला ती थांबल्यावर कळलं.

पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकड्या. तात्यांना फोन केला. ते म्हणाले, “पयलो बंद कर. मगे रड.”

पहिल्या १६ केबीसाठी ४११६ जातीच्या आठ चिप आहेत, आणि या चिपना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५. मशीनला मिळतात फक्त ९. ५ रेग्युलेटर देतो; बाकीचे दोन, टीआर४ नावाचा एक ट्रान्झिस्टर आणि ती शीळ घालणारी कॉइल मिळून तयार करतात. मोजलं तर पिन ९ ठीक, पिन ८ वर बारा कुठले, आठच, आणि पिन १ वर शून्य. म्हणजे टीआर४ गेला. यातली वाईट गोष्ट अशी की उणे ५ नसताना या चिप फार काळ तगत नाहीत. मी फोन करत बसलो तेवढ्या वेळात काय झालं असेल, या विचाराने रात्री झोप लागली नाही.

टीआर४ला झेडटीएक्स६५० लागतो. तो येईपर्यंत जुलै उजाडला. बोर्ड तोवर कपाटात, झिरोचा बल्ब सतत चालू ठेवून; कॅमेरेवाले आमच्याकडे बुरशीपासून लेन्सा अशाच वाचवतात. (तांदळात ठेवायचा सल्ला तिघांनी दिला. कोकणातला पावसाळ्यातला तांदूळ स्वतःच दमट असतो, तो काय शोषणार?)

नवा ट्रान्झिस्टर बसवला, शीळ परत आली, व्होल्टेज तिन्ही जागेवर आले. चित्र मात्र नाही. पडदाभर बारीक उभ्या रेघा, एकसारख्या अंतरावर. मी वैतागलो, पण तात्या चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावून रेघा मोजायला लागले. दर आठ ठिपक्यांमागे एक रेघ. आणि मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. पडद्यावरचं चित्र याच पहिल्या १६ केबीत असतं. एक बाइट म्हणजे आठ ठिपके, आणि आठ चिपपैकी प्रत्येक चिप बाइटातला एकेकच बिट सांभाळते. एक चिप मेली की तिचा ठिपका प्रत्येक बाइटात अडकून बसतो आणि पडद्यावर त्याची उभी रेघ होते. म्हणजे कुठली चिप गेली ते मशीनच लिहून दाखवत होतं! डावीकडून तिसरा ठिपका. सर्वांत डावा बिट ७, मग ६, मग ५. बिट शून्यासाठी आयसी ६ (बोर्डावर छापलेला चिपचा क्रमांक), तिथून मोजत आलं की बिट ५ची आयसी ११.

तात्यांनी आठही चिपवर एकेक करून बोट टेकवलं. अकरावर टेकवलं आणि झटकन उचललं. “हीच ती.”

जुनी चिप काढताना ती वाचवायचा लोभ धरू नये. पाय कापून टाकले, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढला, भोकं पंपाने साफ केली आणि सॉकेट लावलं. पाय न कापता अख्खी उपटायला गेलं की बोर्डावरची तांब्याची टिकली सुटून येते, मग खरा ताप. सॉकेटात नवी ४११६ दाबली. सिंक्लेअरची ओळ आली. त्यानंतर ॲडॅप्टर भिंतीतून काढल्याशिवाय मागच्या कडेकडे माझा हात जात नाही.

आता कॅसेट. तिन्हींवर पांढरी बुरशी होती. दोन विकतच्या खेळांच्या होत्या, त्या टाकल्या. ते खेळ एसडी कार्डावर आलेच होते. ‘भरती’ची मात्र जगात एकच प्रत. फीत उघड्यावर हाताने गुंडाळत कोरड्या कापडाने पुसली आणि एका स्क्रूवाल्या भजनांच्या कॅसेटच्या कवचात घातली, कारण मूळ कवचातला नमद्याचा तुकडा गळून गेला होता. टेपरेकॉर्डर तात्यांचा. आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड करून एका छोट्या प्रोग्रॅमने त्याची टेप-फाइल बनवायची, असा बेत.

आधी लांब सूर, मग छोटीशी चिरचिर. त्या चिरचिरीत नाव, प्रकार आणि लांबी असते. नाव आलं, आतला मजकूर येईना. प्रत्येक खंडाच्या शेवटी एक तपासणीचा बाइट असतो, तो जुळला नाही की सगळं फुकट. सहा वेळा नाही जुळला. सातव्यांदा तात्यांनी रेकॉर्डरच्या हेडशेजारचा स्क्रू बारीक पेचकसाने फिरवायला घेतला. लहानपणी आम्ही असंच करायचो. पाव आटा फिरवल्यावर मातकट वाटणारा आवाज एकदम कडक, धारदार झाला. त्या वेळी बाइट जुळला.

प्रोग्रॅम अकरा ओळींचा निघाला, त्यातल्या सहा माझं नाव रंगीत अक्षरांत छापण्यासाठी. उरलेल्यांत खाडीवरच्या गाबतांकडून, म्हणजे मच्छीमारांकडून, वडील शिकलेला हिशोब होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण वाडीत सगळे तोच धरून चालतात.

चतुर्थीला घर भरलं. मुलांनी जॉयस्टिकवर दीड दिवस भांडून घेतलं. ऋषिपंचमीला दुपारी आरतीनंतर, विसर्जनाला कधी निघायचं यावर नेहमीचा वाद सुरू झाला. ओहोटीला गेलं तर खाडीत गुडघाभर चिखल. कुणी मोबाईलवर भरतीचा तक्ता शोधत होतं, पण रेंज नव्हती. मी ‘भरती’ चालू केलं. पडद्याने तिथी विचारली, मी ५ दाबून एंटर केलं. उत्तर आलं: ३.७५.

पुतण्या म्हणाला, “काका, पंच्याहत्तर मिनिटं कशी असतील?” दशांशाची मिनिटं करायला हवीत हे मला सातवीत सुचलंच नव्हतं. मी ओळ दुरुस्त करायला कीबोर्डवर वाकलो.

मागून काकी मोदकाची परात घेऊन चालल्या होत्या. पडद्याकडे एकदा बघून म्हणाल्या, “पावणेचार. मगे साडेतीनाक गणपती उचलूक व्हयो.”